सोबत सहपत्र एक

अभिमनराव सोनवण्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही लिफाफा न उघडता पुढे सरकवला नव्हता, आणि हा काही साधासुधा पराक्रम नाही. तापीकाठ केळी उत्पादक संघाच्या जळगावच्या कार्यालयात ते आवक बारनिशीला होते. बारनिशी म्हणजे काय, हे ज्यांनी कचेरीत खेटे घातलेत त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजावं की कचेरीत आलेला कागद बारनिशीत नोंदला नाही, तर तो आलाच नाही; मग तुम्ही तो स्वतः हाताने आणून दिलेला असो, नाहीतर हत्तीवरून मिरवत आणलेला असो.

अभिमनरावांना सगळे नाना म्हणत. नानांचा एक नियम होता. पत्राखाली 'सोबत: सहपत्र एक' असं लिहिलेलं असेल, तर ते सहपत्र उघडून, पाहून, उलटं करून, मोजूनच पत्राला आवक क्रमांक मिळायचा. सहपत्र नसेल तर पत्र परत. एकदा चोपड्याच्या एका सभासदाने 'सोबत रोगट पान' असं लिहून पान टाचायचं विसरल्यावर नानांनी त्याला 'पान मिळाले नाही' असं रजिस्टर पोस्टाने कळवलं होतं. ते उत्तर पोचेपर्यंत त्याची बाग गेली, पण नोंद चुकली नाही.

नव्व्याण्णव साली संघात संगणक आला आणि त्याच्यामागोमाग ई-मेल आली. यंत्र कुणाच्या टेबलावर ठेवायचं यावर तीन सभा झाल्या. सेक्रेटरी जीवराम महाजन म्हणाले, माझ्या केबिनमध्ये. त्यावर नानांनी उभं राहून एकच प्रश्न विचारला, "साहेब, मेल म्हणजे मराठीत काय?"

"टपाल," सेक्रेटरी म्हणाले आणि फसले.

"मग टपाल बारनिशीत येईल," नाना म्हणाले आणि बसले.

अशा रीतीने यंत्र नानांच्या टेबलावर आलं. नानांनी त्याला वच्छलाबाईंकडून, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींकडून, उशीच्या अभ्र्याचं कव्हर शिवून आणलं. यंत्रासमोर बसताना ते चपला बाहेर काढत. आलेली मेल कागदावर छापायची, तिच्यावर 'आवक' असा रबरी शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि वहीत चढवायची. एकदा घाईत त्यांनी शिक्का पडद्यावरच मारला होता, पण ते जाऊ द्या.

आता या सगळ्यात नानांचा जीव कशात गुंतला होता ते सांगतो. नानांची मुलगी उज्ज्वला. बी.एस्सी. झालेली, वर संगणकाचा कोर्स केलेली, आणि बापाची चूक बापाच्या तोंडावर दाखवण्याची वाईट खोड असलेली. तिला धुळ्याच्या झुलालराव बोरशांचं स्थळ आलं होतं. झुलालराव निवृत्त हेडमास्तर. मुलगा दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनीअर. बघण्याचा कार्यक्रम झाला. पोरगा कमी बोलला, पोहे मात्र दोनदा मागून घेतले. रात्री उज्ज्वलेनं आईला सरळ सांगितलं, "आई, मला आवडला." आमच्याकडे मुलीने एवढं म्हणणं म्हणजे डोंगर हलला समजायचं. वच्छलाबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली.

पण झुलालराव जाताना म्हणाले होते, "सोनवणे, मुलीची माहिती आम्हाला ई-मेलने पाठवा. थोरला मस्कतला असतो, त्याच्यामुळे घरात यंत्र घेतलंय. आम्हाला काळाबरोबर चालणारी माणसं आवडतात."

"मेल तर माझ्याच हाताखाली आहे," नाना छाती काढून म्हणाले. माहिती गेली. झुलालरावांचा पत्ता नानांनी यंत्रातल्या यादीत चढवला, त्रेचाळिसावा. बाकीचे बेचाळीस म्हणजे व्यापारी, बँका, संचालक आणि वेगवेगळ्या खात्यांचे साहेब.

मे महिना संपत आला होता. मृगबागेची लागवड तोंडावर, संघाने सभासदांना केळीचे कंद नुकतेच वाटलेले. अशा एका दुपारी भुसावळच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या पत्त्यावरून मेल आली. मजकूर इंग्रजीत होता. "डियरेस्ट, युवर लेटर रिसीव्ह्ड. माय आन्सर इज इनसाइड." आणि खाली सहपत्र एक.

'डियरेस्ट' वाचून नाना किंचित थांबले. पण त्यांचं इंग्रजी कचेरीचं होतं. 'डियर सर' हेडक्लार्कला लिहितात, तेव्हा 'डियरेस्ट' त्याच्या वरच्या पदाला लिहीत असणार, असा त्यांनी हिशेब केला. भुसावळवाल्याने आपली योग्यता ओळखली याचं त्यांना बरंही वाटलं.

उज्ज्वला त्यांचा डबा द्यायला आली होती. ती खांद्यावरून वाकून म्हणाली, "नाना, हे उघडू नका."

"का?"

"एसटी स्टँडवर पाटी नसते का, बेवारस वस्तूला हात लावू नये म्हणून? तसंच आहे हे. भुसावळचे शेठ तुम्हाला डियरेस्ट कशाला म्हणतील?"

"हे एसटी स्टँड नाही, बारनिशी आहे," नाना म्हणाले. "आणि बेवारस कसं? पत्त्यावर शेठचं नाव आहे. सहपत्र उघडल्याशिवाय मी क्रमांक कसा टाकू?"

त्यांनी बटण दाबलं. यंत्राने इंग्रजीत विचारलं: हे उघडायचं, खात्री आहे का?

नानांना हा प्रश्न लागला. एकतीस वर्षांत सेक्रेटरीने, संचालकाने, ऑडिटरनेसुद्धा नानांना 'खात्री आहे का' असं विचारलं नव्हतं. आणि हे काल आलेलं, अजून हप्ते न फिटलेलं यंत्र विचारतंय! त्यांनी तावातावाने 'हो' दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा उघडायला गेले, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा 'हो'. काही नाही. नाना चिवट माणूस. उज्ज्वला 'नाना, पुरे' म्हणत असताना त्यांनी एकूण अकरा वेळा दाबलं. मग वहीत लिहिलं, 'सहपत्र रिकामे निघाले,' आणि डबा उघडला. डब्यात भरीत होतं. ते मात्र व्यवस्थित उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले.

पहिला फोन बँकेच्या साहेबांचा. त्यांनी घसा खाकरून विचारलं की संघाला नेमकं काय कळवायचं आहे. दुसरा एका संचालकांचा. ते विधुर होते, त्यामुळे त्यांचा सूर जरा वेगळा होता. तिसऱ्या फोनपर्यंत नानांच्या लक्षात आलं की काल त्यांनी अकरा वेळा बटण दाबलं, आणि तितक्याच वेळा यंत्राने त्यांच्या नावाने त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पत्त्यांना ते पत्र धाडलं. प्रत्येकाला अकरा. प्रत्येकाच्या माथी 'डियरेस्ट', आणि खाली सही: ए. डी. सोनवणे, आवक विभाग.

चौथा फोन धुळ्याचा होता.

"सोनवणे," झुलालरावांचा आवाज ऐकताच वर्गातली पोरं गप्प व्हावीत तसा होता, "मी आपल्याला मुलीची माहिती मागितली होती."

"हो साहेब, ती..."

"आपण मला अकरा वेळा डियरेस्ट म्हणालात."

"साहेब, ते मी नाही, यंत्र..."

"आमच्या सूनबाईंनी मोठ्याने वाचलं. आमच्या मंडळींना इंग्रजी येत नाही, म्हणून सूनबाईंनी अर्थ सांगितला. या वयात मंडळी माहेरी जायची भाषा करताहेत. एकदा चूक होते माणसाची. अकरा वेळा?" आणि फोन ठेवला.

नाना खुर्चीत बसले ते बसलेच. चहा आला, गार झाला, साय धरली. घरी गेल्यावर वच्छलाबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ओ माय! आते काय करवा! पोरीचं जमत आलेलं, आणि तुम्ही व्याह्यालाच प्रेमपत्र लिहिलं!" उज्ज्वला आत गेली आणि बराच वेळ तांब्याभांडी घासत बसली. घासलेलीच पुन्हा घासत होती. नानांना ते भांड्यांचे आवाज सहन होईनात. मुलीनं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आता अशा वेळी शेजारी गप्प बसले तर ते शेजारी कसले! शेजारचे रतिलालभाई, स्टेशनरीचे दुकानदार, लेंग्याची नाडी सावरत आले. "नानाभाई, हा व्हायरस असतो. माझ्या साडूच्या ऑफिसात आलेला. यंत्राच्या आजूबाजूला डांबराच्या गोळ्या ठेवा. माझ्याकडे पाकीट आहे." वच्छलाबाईंनी दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन यंत्रावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. चुलीत टाकायला चूल नव्हती, म्हणून चहावाल्याच्या स्टोव्हवर टाकल्या. त्या दिवशी सगळ्या कचेरीने मोहरीच्या फोडणीचा चहा प्यायला.

शेवटी खाजाभाई आले. खाजाभाई मूळचे टाइपरायटरचे मेकॅनिक. जळगावातल्या प्रत्येक टाइपरायटरची नस त्यांना माहीत. अलीकडे ते संगणकही बघत. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन तास यंत्राशी झटापट केली आणि मान हलवली.

"नाना, टाइपरायटर बरा. त्याला कधी ताप येत नाही. हा जो रोग आहे ना, हा बहुरूपी आहे. ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावरून येतो, कपडे बदलून येतो. आज डियरेस्ट म्हणतो, उद्या दुसरं काही म्हणेल."

"मग ओळखायचा कसा?"

"ओळखायचाच नाही. विचारायचं. ज्याने पाठवलं त्याला फोन लावायचा, भाई तूने भेजा क्या? हो म्हणाला तर उघडायचं. नाही उघडलं तर पडून राहतं बिचारं, काही करत नाही. उघडलं की मग सुटतं."

नानांच्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या वर्षांची सवय उलटी करायची होती, पण होती ती बारनिशीचीच: विचारल्याशिवाय नोंद नाही. त्यांनी नवीन आदेश टाइप केला. सहपत्र असलेले कोणतेही ई-पत्र, मग ते कुणाच्याही नावाने असो, प्रेषकास दूरध्वनीवरून वा समक्ष विचारून, त्याचा जावक क्रमांक घेतल्याखेरीज उघडू नये. व्यापारी वैतागले. ई-मेलला कुणी जावक क्रमांक देतं का? पण नाना फोनवर अडून बसायचे. शेवटी लोक कंटाळून तोंडाला येईल तो आकडा सांगायला लागले. नाना तो लिहून घेत. आकडा खरा की खोटा याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, आकडा सांगणारा माणूस खरा आहे याच्याशी होतं.

पण एवढ्यावर भागेल तर ती गोष्ट कसली. सेक्रेटरींनी हुकूम सोडला की ज्यांना ज्यांना संघाची मेल गेली त्यांना आजच्या आज सावधगिरीचं पत्र पाठवा. नानांनी मसुदा केला: 'संघाच्या कार्यालयात व्हायरस शिरला असून तो संघाच्या नावाने सर्वत्र पसरत आहे. तरी संघाकडून आलेले काहीही उघडू नये, हाताळू नये व ताबडतोब नष्ट करावे.' मसुदा छान होता. मात्र परिपत्रक पाठवायची म्हणून जी यादी कपाटात होती, ती त्रेचाळीस पत्त्यांची नव्हती, सर्व सभासदांची होती. नियम म्हणजे नियम. आठशे कार्डं गेली, चोपडा, रावेर, यावल, सगळीकडे.

आता जरा विचार करा. केळीवाल्याला 'व्हायरस' म्हटलं की काय आठवतं? हरण्या! केळीच्या बागेत हरण्या रोग शिरला की पानं पिवळी पट्टेदार होतात आणि बाग बसते. आणि घराघरात संघाने दिलेले कंद पडलेले, लागवडीच्या तयारीत. त्यात संघाचंच कार्ड आलं: व्हायरस आहे, संघाकडून आलेलं काहीही हाताळू नका, नष्ट करा.

तिसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या आवारात अकरा ट्रॅक्टर उभे होते. नानांनी मोजले. त्या आकड्याने त्यांचा पिच्छाच पुरवला होता.

सगळ्यात पुढे चोपड्याचे हिलालआप्पा. वय सत्तर, डोक्याला पटका, हातात कुदळ, आणि संघाच्या रोगनिवारण समितीचे ते अध्यक्ष. त्यांनी कार्ड नानांच्या नाकासमोर धरलं.

"नाना, हाई तुम्हीच लिखेल शे ना?"

"हो आप्पा, पण..."

"मंग खरं सांगा. बठ्ठा कंदस्मा शे का थोडास्मा?"

"आप्पा, सगळ्याही नाही नि थोड्याही नाही. कंदातच नाही. यंत्रात आहे."

आप्पांनी यंत्राकडे पाहिलं. अभ्रा घातलेलं, बाजूला डांबराच्या गोळ्या. त्यांना त्यात संशय घेण्यासारखं बरंच दिसलं. "यंत्रमा का व्हयेना. व्हायरस तो व्हायरसच शे. समितीना नियम काय शे? रोगट झाड कंदसकट उपटानं, शिवारबाहेर खड्डामा पुरानं. उपटा."

सेक्रेटरी जीवराम महाजन बाहेर आले आणि ट्रॅक्टर पाहून आत गेले. मग खिडकीतून म्हणाले, "सोनवणे, समितीचा नियम आहेच. तुम्ही काय ते बघा."

कचेरीमागे खड्डा खणायला सुरुवातही झाली. चार जणांनी यंत्राची वायर ओढली. नाना यंत्रावर ओणवे पडले. "हात लावू नका! हे आवक मालमत्तेत चढलेलं आहे!" असं ते ओरडले. त्यांना खरं तर ओरडायचं होतं की याच्यात माझ्या पोरीची माहिती आहे आणि हे पुरलं तर धुळ्याचं उत्तर कुठे येणार. पण ते असं चारचौघांत कसं म्हणणार? बापाची अब्रू असते.

खाजाभाईंनी वाचवलं. त्यांनी गर्दीतून वाट काढली, यंत्राच्या पोटातून एक चौकोनी काळी फ्लॉपी बाहेर काढली आणि दोन बोटांत, लांब धरून, हिलालआप्पांपुढे केली.

"आप्पा, झाड चांगलं आहे. रोग यात होता. हा कंद."

आप्पांनी फ्लॉपी निरखून पाहिली. पट्टे वगैरे काही नव्हते, पण रंग काळा पडलेला होता, हे त्यांना पटलं. रीतसर पंचनामा झाला. 'मूळ कंद, काळा, चौकोनी, नग एक.' तो खड्ड्यात ठेवून वर चुना टाकला, माती लोटली, आप्पांनी स्वतः तीनदा पाय आपटून दाबली. मग ट्रॅक्टर परत गेले. जाताना आप्पा नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, एक रोगट कंदनी बठ्ठी बाग जास. तुम्ही येळवर पुरं, बरं करं." त्या फ्लॉपीत खाजाभाईंनी आपल्या भाचीच्या लग्नाच्या दावतीची यादी ठेवली होती, हे ते नंतर म्हणाले. ती त्यांना पुन्हा आठवून लिहावी लागली आणि त्यात एक मामा राहिला.

सगळं शांत झालं. एक धुळं सोडून. तीन आठवडे तिकडून काही नाही. नानांनी माफीचं पत्र लिहिलं, पोस्टाने, रजिस्टर. उत्तर नाही. उज्ज्वला घरात वावरत होती, बोलत होती, हसतसुद्धा होती, पण नानांशी बोलताना ती एकदम परक्या माणसाशी बोलावं तशी नीट बोलायची. त्या नीटपणाने नाना अर्धे झाले. वच्छलाबाई म्हणाल्या, "दुसरं स्थळ बघू." उज्ज्वला म्हणाली, "बघा."

आणि एका सोमवारी मेल आली.

प्रेषक झुलालराव बोरसे, धुळे. विषय: उज्ज्वला बायोडाटा, त्याचं उत्तर. मजकूर एका ओळीचा, इंग्रजीत: "युवर लेटर रिसीव्ह्ड. अवर आन्सर इज इनसाइड." सहपत्र एक.

नानांनी घरी निरोप पाठवला. पंधरा मिनिटांत वच्छलाबाई, उज्ज्वला, रतिलालभाई आणि रतिलालभाईंच्या दुकानातलं गिऱ्हाईक, असे सगळे नानांच्या टेबलाभोवती जमले. सेक्रेटरीही आले.

"उघडा की!" वच्छलाबाई म्हणाल्या.

नानांनी फोन उचलला. धुळ्याचा नंबर लावला. फोन मेलेला. पुन्हा लावला. पलीकडच्या गल्लीत एका ओळखीच्याकडे लावून विचारलं, तेव्हा कळलं की झुलालरावांच्या गल्लीत खड्डा खणताना आज सकाळीच तार तुटली आहे.

"जावक क्रमांक नाही," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

"अहो, नाव तर आहे त्यांचं!"

"भुसावळच्या शेठचंही होतं."

"नानाभाई," रतिलालभाई म्हणाले, "शुभ काम आहे. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तुम्ही तोंड धुवायला जाता?"

"सोनवणे, अति करू नका," सेक्रेटरी म्हणाले.

मग उज्ज्वला पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. हीच पोरगी, जिने त्या दिवशी 'उघडू नका' म्हटलं होतं, ती हळूच म्हणाली, "नाना, एकदाच. यात खरंच उत्तर असलं तर?"

यंत्र पडद्यावर वाट बघत होतं. नानांचं बोट बटणावर गेलं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी नानांइतकं ते उघडावंसं जगात कुणालाच वाटत नव्हतं. तरी त्यांनी बोट मागे घेतलं, यंत्रावर अभ्रा चढवला आणि चपला पायात सरकवल्या.

"उद्या पहिल्या गाडीने धुळ्याला जातो," ते म्हणाले. "समक्ष विचारतो. पाठवलं असेल तर आल्यावर उघडू. दोन दिवसांनी होकार शिळा होत नाही."

त्या रात्री वच्छलाबाईंनी त्यांचं ताट आपटूनच वाढलं.

सकाळी एसटी स्टँडवर ती पाटी होतीच. 'बेवारस वस्तूस हात लावू नये.' नानांनी ती आजवर हजार वेळा पाहिली होती, पण त्या दिवशी उभं राहून पूर्ण वाचली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, नाना आपले मनात वाक्य जुळवत होते. 'साहेब, आपण आम्हाला होकार पाठवला आहे का?' असं विचारावं, तर नसेल पाठवला तर? मुलीच्या बापाने जाऊन स्वतःच्या तोंडाने नकार ऐकायचा? यंत्रातून नकार आला असता तर निदान कुणी तोंड पाहिलं नसतं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असंही एकदा मनात आलं.

झुलालरावांनी दार उघडलं. मागे त्यांच्या पत्नी झुंबरबाई डोकावल्या आणि हाच तो 'डियरेस्ट'वाला म्हणून नानांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"साहेब," नाना उभ्याउभ्याच म्हणाले, "काल आपल्या पत्त्यावरून मेल आली. उज्ज्वलाच्या माहितीचं उत्तर आत आहे असं म्हणते. आपण पाठवली का?"

"मी?" झुलालराव म्हणाले. "मी कुणालाही मेल पाठवलेली नाही. यंत्र परवा सूनबाईंनी मस्कतला पत्र लिहायला लावलं तेवढंच. आणि तेव्हापासून ते बंद पडलंय. थोरल्याचंही बंद पडलं म्हणे." मग त्यांनी विचारलं, "काय लिहिलं होतं त्यात?"

"आमचं उत्तर आत आहे."

"तुम्ही उघडलं?"

"नाही."

"मुलीच्या लग्नाचं उत्तर आलं, आणि तुम्ही न उघडता इथवर आलात?"

"जावक क्रमांक नव्हता साहेब," नाना म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "आणि भीती वाटली. एकदा मी न विचारता उघडलं आणि माझ्या पोरीचं जमलेलं मोडलं. पुन्हा चूक झाली असती तर तिच्यापुढे उभं राहायला मला तोंड उरलं नसतं."

झुलालराव नजर चोरून म्हणाले, "तुमची ती अकरा पत्रं... मी सगळी उघडली होती. सहपत्रांसकट."

"अकराही?"

"हेडमास्तर होतो हो मी! एकेक पेपर तपासल्याशिवाय गठ्ठा बांधला नाही कधी. पहिलं रिकामं निघालं, म्हटलं दुसऱ्यात काही असेल. दुसरं रिकामं... म्हणजे हा रोग माझ्याकडेच ठाण मांडून होता, आणि काल माझ्या नावाने तुमच्याकडे आला. आणि मी तीन आठवडे तुम्हालाच शिव्या देत होतो."

आतून झुंबरबाई म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनीपन दाबी टाकं तर!" आणि हसायला लागल्या. तीन आठवड्यांत त्या घरात कुणी हसल्याचं ते पहिलंच होतं असं नंतर कळलं.

झुलालरावांनी नानांचे दोन्ही हात धरले. "सोनवणे, काळाबरोबर धावणारे खूप बघितले मी. काळाला दारात उभं करून 'कोण तू' म्हणून विचारणारा व्याही मला दुसरा मिळायचा नाही. पोराला तुमची मुलगी पहिल्याच दिवशी आवडलीय, रोज दीपनगरहून विचारतोय. आमचा होकार आहे."

नानांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. पण एकतीस वर्षांची बारनिशी काही माणसाच्या अंगातून एका होकाराने जात नाही. नाक ओढत ते म्हणाले, "साहेब, तेवढं कागदावर..."

झुलालरावांनी शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात, होकार लिहिला. सही केली. नाना घुटमळले.

"जावक क्रमांक?"

"लिहा, एक."

"सोबत?"

झुंबरबाईंनी पेढ्यांचा पुडा आणून दिला, सुतळीने बांधलेला. झुलालरावांनी खाली लिहिलं: सोबत, सहपत्र एक.

संध्याकाळी नाना घरी पोचले तेव्हा दारातच सगळे उभे होते. रतिलालभाईही होते, हातात गुलाल घेऊन, कारण ते आशावादी माणूस. नानांनी होकाराचा कागद उज्ज्वलेच्या हातात दिला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि डोळे पुसले. मग नानांनी पुडा तिच्यासमोर धरला. तिनं सुतळीला हात घातला.

"थांब," नाना म्हणाले.

वच्छलाबाई ओरडल्या, "आता काय राहिलं!"

नानांना गाडीत, परतताना, एक गोष्ट जाणवली होती. या सगळ्या भानगडीत प्रत्येकाला प्रत्येकाने विचारलं होतं. बँकेने विचारलं, आप्पांनी विचारलं, यंत्राने तर अकरा वेळा विचारलं. पोरीनं आईच्या कानात एकदा सांगितलं होतं तेवढंच, बापाने तिला समोर बसवून कधी विचारलं नव्हतं.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "हे उघडायचं, खात्री आहे का?"

ती हसली. तीन आठवड्यांनी नानांकडे पाहून ती अशी हसली, आणि तिचा तो नीटपणा कुठल्या कुठे गेला.

"आहे, नाना."

"पुन्हा विचारू?"

"अकरा वेळा विचारा."

"नको," नाना म्हणाले. "एकदा पुरे. उघड."